देवळालीचे आकडेमास्तर : द. रा. कापरेकर

गणपतीला २१ दूर्वांची जुडी वाहतात आणि २१ मोदकांचा नैवेद्य दाखवतात. या २१ मधल्या दोन अंकांची बेरीज करा. २ आणि १ मिळून ३. आता या तिनाने २१ ला भागून पाहा. बरोबर सात येतात, बाकी काही उरत नाही. जपमाळेचे मणी १०८. त्यातले १, ० आणि ८ मिळून ९ होतात आणि १०८ ला नवाने भागले की नेमके १२ येतात. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो तिला हर्षद संख्या म्हणतात. हर्ष देणारी ती हर्षद. हे आपले संस्कृत नाव आज जगभरच्या गणिताच्या पुस्तकांत छापलेले असते. ते ठेवणारे गृहस्थ कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक नव्हते. नाशिकजवळच्या देवळालीत ते शाळामास्तर होते. त्यांचे नाव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर.

कापरेकरांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला झाला. ते आठ वर्षांचे असताना आई गेली आणि वडिलांनीच त्यांना वाढवले. वडील पेशाने कारकून, पण नाद ज्योतिषाचा. पत्रिका मांडायला गणितातले मोठे सिद्धांत लागत नाहीत, आकडेमोड मात्र भरपूर लागते. घरात सतत बेरजा-वजाबाक्या चालत आणि पोरका मुलगा त्या पाहत, करत मोठा झाला. पुढे ज्योतिष बाजूला राहिले, पण आकड्यांचा लळा जन्मभर टिकला.

त्यांचे माध्यमिक शिक्षण ठाण्याला झाले. आकड्यांची कोडी घेऊन ती सुटेपर्यंत तासन्‌तास बसायची सवय शाळेतच लागली. पुढे ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गेले. १९२७ साली विद्यार्थ्याने केलेल्या स्वतंत्र गणिती कामासाठी दिले जाणारे रँग्लर र. पु. परांजपे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. ही पदवी मिळाली आणि पुढच्याच वर्षी ते देवळालीच्या शाळेत शिक्षक म्हणून रुजू झाले. पदव्युत्तर शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही. १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे त्यांनी मास्तरकी केली.

शाळा सुटल्यावर घरी येऊन ते काय करत असत, तर आकडे मांडत आणि मोडत. गणकयंत्र नव्हते, विद्यापीठाचे ग्रंथालय जवळ नव्हते, चर्चेला तज्ज्ञ मंडळी नव्हती. कागद, पेन्सिल आणि चिकाटी एवढीच सामग्री. प्रवासातही हा उद्योग थांबत नसे. त्यांच्या डेम्लो संख्यांचे नाव मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या एका रेल्वे स्थानकावरून पडले, कारण ती कल्पना त्यांना तिथे सुचली. यातला सर्वांत देखणा प्रकार कोणालाही करून पाहता येतो. ११ चा वर्ग १२१. १११ चा वर्ग १२३२१. ११११ चा वर्ग १२३४३२१. एकेक अंक चढत जायचा आणि तसाच उतरत यायचा, जणू देवळाच्या पायऱ्या.

ज्या शोधामुळे त्यांचे नाव जगभर झाले तो १९४६ च्या सुमाराचा. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी तो मांडला आणि १९५५ साली न्यूयॉर्कहून निघणाऱ्या स्क्रिप्टा मॅथेमॅटिका या नियतकालिकात तो छापून आला. शोध समजायला वजाबाकी येणे पुरेसे आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. अट एकच, चारही अंक सारखे नसावेत. तिचे अंक उतरत्या क्रमाने लिहावेत, मग चढत्या क्रमाने लिहावेत आणि मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी. जे उत्तर येईल त्याच्यावर पुन्हा हेच करावे.

आपल्या हैदराबाद शहराचे स्थापनावर्ष १५९१ घेऊ. उतरत्या क्रमाने ९५११, चढत्या क्रमाने ११५९, वजाबाकी ८३५२. आता ८५३२ मधून २३५८ वजा केले की ६१७४. पुढे जायचे म्हटले तर ७६४१ मधून १४६७ वजा करायचे, उत्तर पुन्हा ६१७४. इथून सुटका नाही. आता स्वतः कापरेकरांचे जन्मवर्ष १९०५ घेऊ. ९५१० वजा ०१५९ म्हणजे ९३५१. तिथून ८१७२, मग ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि शेवटी ६१७४. हैदराबादला दोन पायऱ्या पुरल्या, मास्तरांना सात लागल्या. सातापेक्षा जास्त पायऱ्या कोणत्याच संख्येला लागत नाहीत. चार अंकी संख्या कोणतीही असो, वाटा वेगवेगळ्या, पण मुक्काम एकच. या ६१७४ ला आज जगात कापरेकर स्थिरांक म्हणतात. तीन अंकी संख्यांना हीच कृती केली की ४९५ हा मुक्काम येतो.

दुसरा त्यांचा आवडता खेळ वर्गसंख्यांचा होता. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे २० आणि २५ असे दोन तुकडे केले आणि मिळवले की पुन्हा ४५. ५५ चा वर्ग ३०२५, आणि ३० व २५ मिळून ५५. २९७ चा वर्ग ८८२०९, आणि ८८ व २०९ मिळून २९७. अशा संख्यांना कापरेकर संख्या हे नाव मिळाले. २०२५ हे साल उजाडले तेव्हा गणिताची गोडी असलेल्यांनी ४५ ची ही गंमत एकमेकांना आवर्जून कळवली.

यानंतरचा विचार म्हणजे स्वयंभू संख्या. एखादी संख्या घ्यावी आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवावी. १५ मध्ये १ आणि ५ मिळून ६ घातले की २१. म्हणजे १५ ही २१ ची जननी. २१ मध्ये ३ घातले की २४, २४ मध्ये ६ घातले की ३०. अशी वंशावळ पुढे चालत राहते. पण काही संख्या अशा निघतात की त्यांना जननीच नाही. कोणत्याही संख्येत तिचे अंक मिळवून त्या तयार होत नाहीत. २० ही तशी आहे. ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७ याही तशाच. अष्टविनायकांच्या मूर्तींना आपण स्वयंभू म्हणतो, तोच शब्द कापरेकरांनी या संख्यांना लावला. आपल्या गावाच्या नावावरून त्यांना देवळाली संख्या असेही नाव मिळाले. १९६३ साली, निवृत्तीनंतर, त्यांनी या विषयावर स्वतःच पुस्तिका छापली.

स्वतः छापली, यात त्यांच्या आयुष्याची दुखरी बाजू आहे. तेव्हाच्या आपल्याकडच्या अनेक गणितज्ञांना हे सारे किरकोळ वाटत होते आणि पुष्कळदा मास्तरांच्या कल्पनांची थट्टाही होत असे. काही लेख साध्यासुध्या मासिकांत छापून आले. बाकीचे त्यांनी पुस्तिकांच्या रूपाने काढले आणि प्रकाशक म्हणून देवळालीच्या खरेसवाड्याचा पत्ता घातला.

त्या गणितज्ञांच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. आपण दहाच्या गटाने मोजतो, कारण हाताला दहा बोटे आहेत. माणसाला आठ बोटे असती तर आपण आठाच्या गटाने मोजले असते, संख्या वेगळ्या अंकांनी लिहिल्या असत्या आणि ६१७४ ची जादू नाहीशी झाली असती. कापरेकरांचे बहुतेक शोध संख्या लिहिण्याच्या आपल्या पद्धतीवर उभे आहेत. संख्येच्या खोल स्वभावाशी त्यांचा संबंध थोडा. मोठ्या गणिताला अशा गोष्टींचे अप्रूप कमी असते. हे मान्य केल्यावरही एक गोष्ट उरते. सहा-सात वर्षांच्या मुलाला भेटणारे गणित याच दहाच्या गटातले असते. त्याच्यासाठी हेच अंगण आणि हेच जग. या अंगणात ज्याला काही सापडले तोच पुढे घराबाहेर पडायची हिंमत करतो. मोठ्यांना किरकोळ वाटलेले कापरेकरांचे काम लहानांच्या दृष्टीने अनमोल आहे ते यासाठी.

१९६२ साली ते निवृत्त झाले. निवृत्तिवेतन पुरेसे नव्हते, म्हणून ते गणिताच्या आणि विज्ञानाच्या शिकवण्या करत. १९६६ साली पत्नी वारली. आजूबाजूच्या महाविद्यालयांतून आमंत्रण आले की ते आपल्या संख्यांवर बोलायला जात. आणि मग मार्च १९७५ मध्ये, मास्तर सत्तरीत असताना, अमेरिकेतल्या सायंटिफिक अमेरिकन या मासिकात मार्टिन गार्डनर यांनी आपल्या गणिती खेळांच्या सदरात त्यांच्याविषयी लिहिले. हे सदर जगभर वाचले जाई. देवळालीचे हे नाव एकाएकी अनेक देशांत पोहोचले आणि स्वयंभू संख्यांवर तिकडचे लोक शोधलेख लिहू लागले.

हर्षद संख्यांची गोष्ट थोडी चुटपुट लावणारी आहे. १९७७ साली आयव्हन निव्हन या गणितज्ञांनी एका व्याख्यानात याच संख्यांचा उल्लेख केला, तेव्हापासून पुष्कळ ठिकाणी त्या निव्हन संख्या म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. आजही पुस्तकांत दोन्ही नावे दिसतात. तरी हर्षद हे नाव मागे पडले नाही, कारण त्यात मास्तरांचा स्वभावच आहे. गंमत अशी की रामानुजन यांच्या नावाशी जोडलेली १७२९ ही संख्याही हर्षद आहे. तिच्या अंकांची बेरीज १९ आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. आणि मास्तरांची ६१७४? तिच्या अंकांची बेरीज १८ आणि १८ गुणिले ३४३ म्हणजे बरोबर ६१७४. तीही हर्षदच.

१९८६ साली देवळालीलाच कापरेकरांचे निधन झाले. आयुष्याचा बहुतेक काळ त्यांच्या कामाला दाद मिळाली नव्हती. तरी जवळपास साठ वर्षे ते तेच करत राहिले. ज्या कामातून बढती नाही, पैसा नाही आणि मानही नाही, ते इतकी वर्षे टिकते तेव्हा त्याच्यामागे आनंदाशिवाय दुसरे कारण शोधण्याची गरज नसते.

आता हे सर्व हैदराबादच्या मराठी घरांपर्यंत कशासाठी आणायचे? आपल्या घरांत अजून काही आजी-आजोबा असे आहेत की त्यांना पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी पाठ आहे. विवेकवर्धिनीत मराठीतून शिकलेली पिढी आपल्यात आहे. नातवंडे मात्र इंग्रजी शाळेत जातात, आणि या शहरात सहावी-सातवीपासूनच आयआयटीच्या तयारीचे वर्ग सुरू होतात. तिथे गणित म्हणजे घड्याळ लावून सोडवलेले प्रश्न. वेग हवाच, पण वेगाच्या आधी ओळख व्हायला हवी. मुलाला संख्यांतली नक्षी दिसू लागली की पाढे पाठ करणे ओझे राहत नाही. ती दिसली नाही तर शंभरापैकी शंभर मिळवणारे मूलही दहावीनंतर गणिताला कायमचा रामराम ठोकते.

नक्षी दाखवायला महागडी साधने लागत नाहीत. पाच-सहा वर्षांच्या मुलापुढे दूर्वांच्या २१ काड्या ठेवाव्यात. पहिल्या ओळीत एक, दुसरीत दोन, तिसरीत तीन, अशा मांडायला सांगावे. सहाव्या ओळीला काड्या बरोबर संपतात आणि समोर त्रिकोण तयार होतो. पुढची ओळ लावायची तर किती काड्या लागतील, हे विचारावे आणि गप्प बसावे. उत्तर सांगण्याची घाई करू नये. मूल बोटे मोजील, चुकेल, पुन्हा मोजील. सात हे उत्तर त्याचे त्याला सापडले तर ते त्याचे झाले.

सात-आठ वर्षांच्या, दोन अंकी वजाबाकी येणाऱ्या मुलाला मास्तरांचा खेळ लहान करून द्यावा. २१ उलटवले की १२, वजाबाकी ९. हे ०९ असे लिहून उलटवले की ९०, त्यातून ९ गेले की ८१. मग ८१ वजा १८ म्हणजे ६३. मग २७, मग ४५ आणि पुन्हा ९. फेरा पूर्ण झाला. आलेल्या संख्या मुलाला नीट पाहायला सांगाव्यात. साऱ्या नवाच्या पाढ्यातल्या आहेत. असे का होते, हे थोड्या मोठ्या मुलाला सांगता येते. दशकस्थानी आणि एककस्थानी असलेल्या अंकांची अदलाबदल केली की त्यांच्यात जितका फरक असेल त्याच्या नऊपट वजाबाकी येते, कारण प्रत्येक दशक दहाचे आणि प्रत्येक एकक एकाचे, आणि दहातून एक गेला की नऊ. नवाचा पाढा पाठ करायला कंटाळणारे मूल तोच पाढा वजाबाकीतून बाहेर पडताना पाहते तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो.

स्वयंभू संख्यांतही अशीच नक्षी आहे. २०, ३१, ४२, ५३ या एकाखाली एक लिहाव्यात. दशक एकाने वाढतो, एककही एकाने वाढतो, म्हणजे दर वेळी ११ ची भर. पुढे ६४, ७५, ८६, ९७ आणि त्यात ११ मिळवले की जपमाळेचे १०८. तीही स्वयंभूच आहे.

आपल्या भाषेतही नक्षी आहे, आणि इथल्या मुलांना ती दाखवायलाच हवी. तेलुगूत २१ ला इरवै ओकटि म्हणतात, म्हणजे आधी वीस, मग एक. इंग्रजीतही तसेच. मराठीत आधी एक आणि मग वीस, म्हणून एकवीस. इथल्या मुलांचा गोंधळ होतो तो या उलट्या क्रमामुळे, बुद्धी कमी म्हणून नव्हे. तसेच एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस हे शब्द मुलांना अवघड वाटतात. एकोण म्हणजे एक कमी, एवढे सांगितले की एकोणनव्वदपर्यंतचे सगळे शब्द एका सूत्रात बसतात. आणि ९९ ला ते सूत्र मोडते, तिथे नव्व्याण्णव येते. नक्षी कुठे मोडते हे ओळखणे हाही नक्षी ओळखण्याचाच भाग आहे.

आणखी एक प्रश्न आपल्या शहराचा. खैरताबादचा गणपती १९५४ साली एक फुटाच्या मूर्तीने सुरू झाला आणि दर वर्षी एकेक फूट वाढवला गेला, असे आपण ऐकत आलो आहोत. मग तो दहा फुटांचा कोणत्या साली झाला असेल? बहुतेक मुले १९६४ म्हणतील, कारण ती चोपनात दहा मिळवतात. ओळीने मोजून पाहिले की १९६३ येते. पहिला फूट पहिल्याच वर्षी होता, म्हणून वाढ नऊ फुटांचीच. ही चूक मोठी माणसेही करतात, तेव्हा मुलांना हसू नये.

यंदा आरतीनंतर प्रसाद वाटून होईपर्यंत मंडपात रेंगाळणाऱ्या मुलांना जवळ बोलवावे, प्रत्येकाला आपले जन्मवर्ष लिहायला सांगावे आणि ६१७४ ला कोण किती पायऱ्यांत पोहोचते ते पाहावे. आजोबा आणि नातू एकाच आकड्यावर येऊन थांबतील. सगळे पोहोचले की मुलांना देवळालीच्या मास्तरांचे नाव सांगावे.